खुब्याचे बळ कोणाच्या हाती?

स्नायूंच्या मोजमापाचा इतिहास धुंडाळताना एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही: मोजले जाते ते बळ रुग्णाचे, की तपासणाऱ्याचे?

जन्मतः निखळलेल्या खुब्यामुळे येणारी लंगडी चाल अभ्यासणाऱ्या ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ मध्ये रुग्णाला एका पायावर उभे केले. उचललेल्या पायाकडची कंबर झुकली, तर टेकलेल्या बाजूचे स्नायू कंबर तोलू शकत नाहीत, हे त्याने ओळखले. पण उणीव किती, याचे उत्तर त्यात नव्हते.

१९१४ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात पोलिओची साथ आली. मूल खरोखर सुधारते आहे का, हे बॉस्टनच्या डॉ. लव्हेट यांना ठरवायचे होते. त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट हाताने विरोध करून स्नायूंची श्रेणी ठरवत. पुढे शरीरक्रियातज्ज्ञ मार्टिन यांच्यासह लव्हेट यांनी स्प्रिंगचा काटा आणला.

आज हातात धरायचा डायनामोमीटर आहे. तरी खुब्याचे दणकट स्नायू तपासणाऱ्याचा हातच मागे रेटतात आणि आकडा कमी भरतो. म्हणून उपकरण पट्ट्याने जखडावे लागते. जागाही तीच हवी. गुडघ्याऐवजी घोट्याजवळ लावले, तर तरफ लांबते आणि आकडा उतरतो. हे पथ्य पाळले, तरच आजचा आकडा महिन्यापूर्वीच्या आकड्याशी ताडता येतो.