रूपसिंग, कॅप्टन

(८ सप्टेंबर १९०८–१६ डिसेंबर १९७७). थोर भारतीय हॉकीपटू. १९३२ (लॉस एंजेलिस) आणि १९३६ (बर्लिन) या दोन्ही ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या भारतीय संघांचे आघाडीचे खेळाडू. इनसाइड लेफ्ट ही त्यांची जागा. जन्म जबलपूरचा. मेजर ध्यानचंद हे त्यांचे थोरले बंधू. रूपसिंगांची ओळख बहुतेक वेळा याच नात्याने करून दिली जाते, आणि हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

लॉस एंजेलिसला तीनच संघ उतरले होते. भारताने जपानला ११–१ असे हरवले. त्यांत रूपसिंगांचे ३ गोल होते. ११ ऑगस्टला अमेरिकेवर २४–१ असा विजय मिळाला. त्या एका सामन्यात रूपसिंगांनी १० गोल केले, ध्यानचंदांनी ८. स्पर्धेत धाकट्याचे १३ आणि थोरल्याचे १२ गोल झाले. अमेरिकेचा संघ कच्चा होता, हे खरे. पण ध्यानचंद शेजारी खेळत असताना त्यांच्याहून अधिक गोल करणे ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. ऑलिंपिक हॉकीतला सर्वांत मोठा विजय आजही तोच आहे. बर्लिनच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीला ८–१ असे नमवले.

शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानच्या लष्करात त्यांनी नोकरी केली. पुढे ते ग्वाल्हेरचेच झाले आणि तेथेच वारले. शहराने हॉकीच्या मैदानाला त्यांचे नाव दिले. पुढे तेथे क्रिकेट आले, पण नाव टिकले, हे शहराला भूषणावह आहे. १९९७ च्या एप्रिलमध्ये मुंबई–दिल्ली हा रणजी अंतिम सामना याच मैदानावर प्रकाशझोतात झाला. येथेच २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकरने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले ते पहिले द्विशतक. त्या दिवसाने मराठी घरांत कॅप्टन रूपसिंग स्टेडियम हे नाव पोचवले. ग्वाल्हेरचे आंतरराष्ट्रीय सामने आता २०२४ पासून नव्या माधवराव सिंधिया स्टेडियमवर होतात. तरी ग्वाल्हेरच्या एखाद्या शाळकरी मुलाला तेंडुलकरच्या द्विशतकाचे मैदान सांगायचे, तर रूपसिंगांचेच नाव घ्यावे लागते. ते कोण होते, हेही त्याला त्याच वेळी सांगायला हवे.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकनिमित्त तेथील भुयारी रेल्वेच्या खास नकाशात स्थानकांना ऑलिंपिकवीरांची नावे दिली होती. त्यांत ध्यानचंद आणि भारतीय हॉकीपटू लेस्ली क्लॉडियस यांच्यासोबत रूपसिंगांचेही नाव होते.