खाटेचा हिशेब

रुग्णालयाच्या खर्चाचा विचार करतांना आपली दृष्टि औषधें व शस्त्रवैद्याचें शुल्क यांवर खिळते. खाटेचा खर्च मात्र सहसा ध्यानांत येत नाहीं.

डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले. प्रथम सांगलीस दवाखाना चालवून पुढें त्यांनीं मिरजेस मुक्काम हालविला व १८९४ सालीं तेथें रुग्णालय उघडलें. मिरज रेल्वेचें जंक्शन असल्यानें दूरदूरचे रोगी येत. त्या काळीं मोतीबिंदु काढल्यावर डोळे बांधून कित्येक दिवस निश्चल पडावें लागे. त्यामुळें एका खाटेवर महिन्यांत मोजकेच रोगी बरे होत. आणि सोबत आलेल्या माणसाची मजुरी तितके दिवस बुडे.

याच सुमारास ग्लासगो येथील डॉ. जेम्स निकोल मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांस त्याच दिवशीं घरीं पाठवीत. अशा ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तान्त त्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केला. परंतु तान्ह्या मुलांच्या आयांसाठीं त्यांनीं रुग्णालयानजीक एका लहान घराची सोय केली होती, हें विसरतां कामा नये.

१९६७ सालीं अमेरिकेंत डॉ. चार्ल्स केल्मन यांनीं ध्वनिलहरींनीं मोतीबिंदु फोडून सूक्ष्म छेदांतून काढण्याची रीत काढली. लहान छेदाच्या अशा पद्धतींमुळें आतां रोगी सायंकाळीं घरीं परततो. खाट मोकळी होते, दुसऱ्यास मिळते. हा लाभ निःसंशय मोठा आहे.

तथापि खर्चाचा कांहीं भाग केवळ जागा बदलतो. सांगली शहरांतील रोग्यास फेरतपासणी म्हणजे तासाभराचें काम. जत, आटपाडी किंवा साताऱ्याकडील माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतील म्हाताऱ्यास ती दिवसभराची वाटचाल, आणि सोबत येणाऱ्या मुलाचा रोजगार खाडा. थेंब वेळेवर घालणें, जखम स्वच्छ राखणें हें परिचारिकेचें काम सुनेच्या पदरीं पडतें. विम्याच्या नियमांत चोवीस तास निवासाची अट अनेक दिनोपचारांपुरती सैल झाली; परंतु सुनेच्या श्रमांचा रकाना कोणत्याहि खतावणींत नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, रुग्णालयानें वांचविलेल्या खाटेच्या खर्चांतून कांहीं अंश रोग्याच्या गांवाकडे वळवावा: फेरतपासणी तालुक्याच्या ठिकाणीं व्हावी, आणि दूरच्या रोग्यास एक रात्र निवारा मिळावा. तसें न केल्यास काटकसर रुग्णालयाची, व तिची किंमत मात्र गरिबाच्या घरची, असा प्रकार होईल.