उच्छिट्ठ, विघास आणि अतिरित्त : उरलेल्या अन्नाचा विनय आणि भोर-वेल्ह्याचा इतिहास

मराठीतील 'उष्टे' हा शब्द संस्कृत 'उच्छिष्ट' या शब्दावरून आला, हे सर्वश्रुत आहे. पाली वाङ्मयात तो 'उच्छिट्ठ' या रूपाने येतो. परंतु उरलेल्या अन्नासाठी पालीत आणखी दोन शब्द आहेत, 'विघास' आणि 'अतिरित्त'. पहिला मराठीतून लोपला. दुसरा 'अतिरिक्त' म्हणून टिकला, पण पंगतीतील अन्नाला आपण तो क्वचितच लावतो. आपल्या भाषेने उष्टे तेवढे जपले आणि बाकीचे दोन सोडून दिले, ही गोष्ट आम्हास निव्वळ भाषाशास्त्रीय वाटत नाही.

अन्नाच्या अपव्ययाची चर्चा आज जगभर चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. टाकलेले अन्न कचऱ्याच्या ढिगात हवेवाचून कुजते व त्यातून मिथेन वायू निर्माण होतो. २०३० पर्यंत हा अपव्यय दरडोई निम्म्यावर आणावा, असे उद्दिष्ट राष्ट्रांनी स्वीकारले आहे. ही चर्चा उरलेल्या अन्नाचे वजन करते. ते अन्न कोणाच्या हाती, कोणत्या रीतीने दिले जाते, याचा विचार ती फारसा करीत नाही. विनयपिटकाने तो केलेला आहे.

सेखिय नियमांत भिक्खूने पात्राच्या काठापेक्षा अधिक भिक्षा घेऊ नये, जास्त मिळावे म्हणून कालवण भाताखाली लपवू नये, शिते सांडीत जेवू नये, शिते असलेले पात्र धुतल्याचे पाणी वस्तीत फेकू नये, असे सांगितले आहे. हे शिष्टाचाराचे नियम म्हणून सोडून दिले तरी पाचित्तिय विभागातील पस्तिसाव्या नियमाची कथा सोडून देता येत नाही. एका ब्राह्मणाने भिक्खूंना भोजन दिले. 'पुरे' म्हणून उठलेले काही भिक्खू नंतर इतर घरी जाऊन पुन्हा जेवले. यजमानाने नाराजी व्यक्त केली, तेव्हा एकदा जेवून नकार दिल्यावर पुन्हा खाऊ नये असा नियम झाला. पुढे आजारी भिक्खूंसाठी उत्तम भिक्षान्न आणले जाई, त्यांना ते संपत नसे, आणि शुश्रूषा करणारे भिक्खू आधीच जेवून 'पुरे' म्हणालेले असल्याने तेही खाऊ शकत नसत. अन्न बाहेर टाकले जाऊ लागले. एके दिवशी कावळ्यांचा मोठा कलकलाट भगवंतांच्या कानी पडला. त्यांनी आनंदाला कारण विचारले व ते कळताच नियमात दुरुस्ती केली. आजाऱ्याचे उरलेले, तसेच विधिपूर्वक 'अतिरित्त' म्हणून सोडलेले अन्न खाण्यास अनुज्ञा मिळाली. अपव्यय येथे हावरेपणातून झालेला नाही, संयमासाठी केलेल्या नियमातूनच झालेला आहे, आणि नियम करणाऱ्याने कावळ्यांचा आवाज ऐकून तो नियम बदलला. आजच्या कोणत्याही शासनयंत्रणेने हे प्रकरण मुळातून वाचावे.

'विघासाद' म्हणजे उरलेले अन्न खाऊन राहणारे लोक. भगवंत अंधकविंदाकडे निघाले तेव्हा मोठ्या भिक्खुसंघामागून असे पाचशे जण चालत होते, असे महावग्गात आहे. बेलट्ठ कच्चान नावाच्या गृहस्थाने गाड्या भरून गूळ आणला. भिक्खूंना देऊन उरला तेव्हा तो विघासादांना द्यावयास भगवंतांनी सांगितले आणि त्यांनी आपली भांडी व ओटे भरून घेतले. वेसालीत संघाकडे खाद्य पुष्कळ झाले, तेव्हा आनंदाने या लोकांना ओळीने बसवून प्रत्येकाच्या हाती एकेक अपूप दिला. या लोकांची जात ग्रंथकाराने सांगितलेली नाही. त्यांना दिलेले अन्न कोणाच्या ताटातले नव्हते, आणि ते घेतल्याबद्दल कोणतेही काम त्यांच्यावर लादलेले नव्हते.

याच्या शेजारी मनुस्मृतीचा दहावा अध्याय ठेवावा. सेवा करणाऱ्या शूद्राला उच्छिष्ट अन्न, जुनी वस्त्रे आणि धान्याचा कोंडा द्यावा, असे तेथे विधान आहे. अन्न उरले म्हणून ते दिले जावे असा हा प्रकार नाही. देण्यासाठी उष्टे राखून ठेवलेले आहे.

आता भोर-वेल्ह्याकडे येऊ. अलीकडे 'राजगड' असे नामांतर झालेला वेल्हे तालुका आणि भोर तालुका यांचा मोठा भाग पूर्वी पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. प्रचंडगड (तोरणा), विचित्रगड (रोहिडा), राजगड ही त्या संस्थानच्या तालुक्यांची नावे. भात, नाचणी आणि वरी पिकविणारा हा डोंगरी मुलूख. येथे धान्य कणगीत राही, कोंडा व पेंढा गुरांना जाई, शिळ्या भाताला फोडणी मिळे. अशा गावात अन्न वाया जात नसे असे आज कौतुकाने म्हटले जाते. ते खरे आहे. परंतु का जात नसे, याचे एक उत्तर महारवाड्यात होते. देशावरील गावांप्रमाणे वतनदार महाराने गावकी करावी आणि मोबदल्यात बलुते, मेलेले जनावर व दारोदार मागून मिळणारे भाकरीचे तुकडे घ्यावेत, ही रीत होती. भोरला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातील वीरगावात बालपण गेलेल्या बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनात या जगण्याचे जे चित्र आहे, ते वाचल्यावर 'शून्य अपव्यया'चे कौतुक ओठावरच थांबते.

भोरहून पश्चिमेला वरंध घाट उतरला की महाड. तेथे १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. पाण्याचा सत्याग्रह सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच परिषदेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस व शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडून द्या, असे आपल्या बांधवांना बजावले होते, हे तितकेसे सांगितले जात नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. ते कायद्यात उतरले नाही, आणि उतरले असते तरी घाटमाथ्यावरील संस्थानी मुलखाला लागू झाले नसते. १९४८ मध्ये भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नाहीशी झाली. तत्पूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झालेली होती.

विघास जातकात (क्रमांक ३९३) सात भाऊ प्रव्रज्या घेऊन अरण्यात राहतात, पण साधना सोडून खेळात रमतात. शक्र पोपटाच्या रूपाने येऊन विघासादांची स्तुती करतो. ती आपलीच, असे भावांना वाटते. पोपट सांगतो की सिंह-वाघांनी टाकलेले खाणारे तुम्ही मुडदे खाणारे आहात; श्रमणांना, ब्राह्मणांना व वाटसरूंना आधी देऊन मग जे स्वतः खातात, तेच खरे विघासाद. म्हणजे उरलेले खाण्याचा मान देणाऱ्याने घ्यावयाचा असतो. महाडच्या उपदेशाची आणि या जातकाची दिशा एकच आहे, असे आमचे मत आहे.

आज लग्नसमारंभातील उरलेले अन्न गोळा करून वस्त्यांत वाटण्याचे उपक्रम चालतात. त्यांना आमचा विरोध नाही. २०१९ च्या केंद्रीय विनियमांनी अशा वाटपासाठी न वापरलेले, सुरक्षित अन्नच ग्राह्य धरले आहे. ते 'अतिरित्त'च्या कल्पनेशी जुळते. परंतु गाडी कोणत्या वस्तीत थांबते, दिवस मावळल्यावर थांबते की जेवणाच्या वेळी, आणि वाटणारा समोरच्याला बसवून देतो की नाही, हे विनियमात लिहिता येत नाही. ज्या वस्तीने १९२७ नंतर तुकडे मागणे सोडले, तिच्या दाराशी रात्री अकरा वाजता आलेले पातेले कसे दिसते, याचा विचार आयोजकांनी करावा. त्यापेक्षा मोजून रांधणे पुष्कळ सोपे. कणामातेने लेकीच्या पाठवणीसाठी केलेले अपूप भिक्खूंनी वारंवार नेले व लेकीचा संसार मोडला, या कथेवरून दोन-तीन पात्रांहून अधिक घेऊ नये व तेही इतर भिक्खूंत वाटावे, असा नियम झाला. तेथे मर्यादा घेणाऱ्यावर आहे. आमच्या विहारांतील भोजनदानात ती देणाऱ्यानेही पाळावी.

राहिला टाकण्याचा प्रश्न. पावसाळ्यात राजगड-तोरण्याला आणि भाटघरच्या जलाशयाकाठी येणारी मंडळी उरलेले अन्न कोठेही सोडून जातात. धम्मदायाद सुत्तात येणारी रीत अशी की, उरलेले अन्न गवत नसलेल्या जागी अथवा जीव नसलेल्या पाण्यात टाकावे. दुसरीकडे वच्छगोत्ताला भगवंत सांगतात की, गावाच्या डबक्यातील जीवांनी जगावे म्हणून भांडे विसळलेले पाणी तेथे टाकले तरी त्यात पुण्य आहे. हा विरोध वरवरचा आहे. बेलट्ठाचा उरलेला गूळ पाण्यात पडताच ते पाणी उकळल्यासारखे सळसळले, असे महावग्ग सांगतो. कशाने जीव जगतात आणि कशाने मरतात, हे टाकणाऱ्याने पाहावयाचे आहे.