लघु गॅमा किरण स्फोट : यजमान दीर्घिका व परिसर

दूरच्या दीर्घिकांमधून येणारा, साधारणतः 2 सेकंदांहून कमी काळ टिकणारा गॅमा किरणांचा तीव्र झोत. स्फोट ज्या दीर्घिकेत घडतो ती त्याची यजमान दीर्घिका होय. स्फोटाचे मूळ शोधताना तिचा प्रकार आणि तिच्यातील स्फोटाचे स्थान हे मोलाचे पुरावे ठरले आहेत.

यजमान दीर्घिका : लघु स्फोटामागे उरणारी मंद चमक, म्हणजे उत्तरदीप्ती, 2005 मध्ये स्विफ्ट व हेटे–2 या उपग्रहांमुळे प्रथम सापडली. त्या वर्षीचा 9 मेचा स्फोट, ताऱ्यांची निर्मिती जवळपास थांबलेल्या एका मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेलगत आढळला, तर 9 जुलैचा स्फोट तारे घडत असलेल्या दीर्घिकेत झाला. दीर्घ स्फोट अल्पायुषी महाकाय ताऱ्यांच्या अंतातून होत असल्याने ते तारे जन्मणाऱ्या दीर्घिकांतच मिळतात. लघु स्फोट दोन्हींकडे आढळल्याने, ज्याला कोट्यवधी वर्षेही लागू शकतात अशा न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीच्या विलीनीकरणाची कल्पना बळावली.

स्थान : अनेक लघु स्फोट यजमानाच्या केंद्रापासून हजारो प्रकाशवर्षे दूर होतात, कारण जोडीतील तारे अतिदीप्त नवतारा होताना बसलेल्या धक्क्याने ती जोडी जन्मस्थानापासून दूर जाते, असे मानतात. काहींचे यजमान निश्चित झालेले नाहीत.

परिसराची घनता : 17 ऑगस्ट 2017 रोजी, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून आलेल्या गुरुत्वीय तरंगांनंतर 1.7 सेकंदांनी आलेला स्फोट वासुकी तारकासमूहातील, सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एनजीसी 4993 या दीर्घिकेत झाला. त्याची रेडिओ उत्तरदीप्ती सुमारे 16 दिवसांनी दिसली व पुढे कित्येक महिने वाढत गेली. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने कमी वारंवारतांवर तिचा मागोवा घेतला. या उत्तरदीप्तीचा वर्णपट कमी वारंवारतांकडे अधिक तेजस्वी होत असल्याने ही निरीक्षणे विशेष मोलाची ठरली. स्फोटातून वेगाने बाहेर पडलेला द्रव्याचा झोत भोवतालच्या वायूवर आदळून उत्तरदीप्ती निर्माण होते, म्हणून तिच्या तेजावरून वायूची घनता अनुमानता येते. येथे ती दर घन सेंटिमीटरला एका अणूच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी निघाली.

वर्गीकरण : डिसेंबर 2021 मधील, सुमारे 50 सेकंदांच्या एका स्फोटातही विलीनीकरणाच्या खुणा आढळल्याने 2 सेकंदांची सीमा काटेकोर मानता येत नाही.

लायगो-इंडिया : हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा नियोजित असून केंद्र सरकारने तिला 2023 मध्ये मंजुरी दिली, तिच्यामुळे अशा विलीनीकरणांची दिशा अधिक अचूक ठरवून यजमान दीर्घिका त्वरेने ओळखता येतील.