मँडोलिनची लय कोणी ठरवावी?



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत बोनस आणि महागाईभत्ता सोडून मँडोलिनवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझे शिक्षण बेताचे. जे कळले ते वाचून आणि विचारून. पण गाण्याची लय आणि आपल्या तालुक्यातील वाळूजच्या कारखान्यांत फिरणाऱ्या पट्ट्याची गती, या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारीशेजारीच बसलेल्या आहेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या मंडळींनी एक मेच्या कार्यक्रमासाठी तीन मँडोलिने आणि एक गिटार जमविली आणि बीथोव्हेनच्या ‘मूनलाइट’ या पियानोच्या सोनाटाचा पहिला भाग बसविण्याचा घाट घातला. रेकॉर्ड ऐकून तीच लय धरली. चार ओळी होतात न होतात तोच सारे कोसळले. मंडळींना वाटले, आपला हात कच्चा. हात कच्चा होताच. पण खोट लयीत होती.

पियानोत हातोडी तारेवर पडते, आणि पायाखालचे पेडल दाबून धरले की सूर बराच वेळ घुमत राहतो. हा सबंध भाग तारांवरच्या गाद्या उचलून ठेवूनच वाजवावा, अशी सूचना खुद्द बीथोव्हेनने लिहिलेली आहे. मँडोलिनच्या चार जोडतारा व्हायोलिनसारख्याच लावलेल्या, पण हातात गज नाही. नखीने छेडलेला सूर उमटतो आणि लगेच विझू लागतो. लांब सूर हवा असेल तर नखी खालीवर भरभर फिरवीत राहावे लागते. म्हणजे पियानोवाला ज्या सुरावर विसावतो, नेमक्या त्याच सुरावर मँडोलिनवाल्याला सर्वांत अधिक राबावे लागते. लय जितकी संथ, तितकी ही राबणूक लांबते.

मग मूळ लय तरी कोणती? हा सोनाटा १८०१ सालचा. लय आकड्यांत मोजणारे मेट्रोनोम तेव्हा नव्हते. ते १८१४ साली आम्स्टरडॅममध्ये विंकेल नावाच्या कारागिराने बनविले, आणि १८१५ साली मेल्झेलने त्याचे पेटंट घेतले. शोध एकाचा, नाव दुसऱ्याचे. आमच्या कारखान्यांतही हे काही अपूर्व नाही. असो. बीथोव्हेनने पुढे आपल्या बत्तीस सोनाटांपैकी एकावरच असे आकडे घातले, आणि ते इतके द्रुत आहेत की पियानोवादक आजही त्यांच्यावरून भांडतात. ‘मूनलाइट’वर आकडा नाहीच. आहेत ते दोनच शब्द, ‘संथ, सूर धरून’ अशा अर्थाचे, आणि एक छोटेसे चिन्ह. त्या चिन्हाचा अर्थ असा की आवर्तन चारांत न मोजता दोनांत मोजावे. आम्ही चारांत मोजीत होतो.

आणखी एक गंमत पाहा. हाच बीथोव्हेन १७९६ साली प्राग शहरी असताना त्याने एका उमराव घराण्यातील तरुणीसाठी मँडोलिनच्या काही लहान रचना केल्या. त्यांतल्या एकीवर त्याने सूचना घातली ती ‘संथ, पण फार नव्हे’ अशी. वाद्याचा श्वास किती, हे त्याला ठाऊक असावे, असे मी समजतो.

आपल्याकडे हा प्रश्न मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत नित्याचा होता. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेले वादक, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले मोठे नाव, तेथे कागद लिहीत आणि वाजवीत. सलिल चौधरी यांनी १९६१च्या ‘छाया’ चित्रपटातील तलत-लता यांच्या द्वंद्वगीतासाठी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची चाल घेतली. मूळ चाल व्हायोलिनची, धावती. गळ्याला शब्द उच्चारावयाचे असतात. तेव्हा धाव आवरावीच लागली. मँडोलिनच्या बाबतीत उलटे, तेथे धाव थोडी वाढवावी लागते. लक्ष्मीकांत कुडाळकर विलेपार्ल्याच्या गरीब वस्तीतले. वडील लवकर गेले, शाळा अर्धवट राहिली, आणि या चिमुकल्या वाद्याने घरची चूल चालविली. सज्जाद हुसेन यांनी मात्र त्याच तारांतून मिंड काढून राग वाजवून दाखविले. तेव्हा वाद्याची मर्यादा म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. हात कोणाचा, हेही पाहावे लागते.

आमच्यातला मुख्य हात होता प्रेस शॉपमधल्या एका गड्याचा. एका कारखान्यात त्याच्या उजव्या तर्जनीचे पेर गेलेले. नखी तो अंगठा आणि मधले बोट यांत धरतो. त्याच कारखान्यात एकदा रात्रपाळीला न सांगता पट्ट्याची गती वाढविली गेली, आणि ती प्रथम ओळखली यानेच, घड्याळ न पाहता. मुंबईच्या गिरणीकामगारांनी १९२८ साली सहा महिने संप केला, त्यातही दोन मागांऐवजी तीन माग सांभाळण्याचा तंटा होताच. तेथेही हाताला किती झेपते हे हातवाल्यांना कोणी विचारले नव्हते.

यावेळी आम्ही त्याला विचारले. पियानोवादक पुष्कळदा मिनिटाला ५० ते ६० मात्रांच्या आसपास राहतात. आम्ही प्रथम ७२ धरल्या; लांब सूर सोपे झाले, पण खालची तीन-तीन सुरांची लाट गिटारवाल्याच्या हातून सांडू लागली. ६० वर त्या गड्याचे मनगट भरून येई. शेवटी दोनांत मोजून ६६ वर जमले, आणि एक मेला पत्र्याच्या शेडमध्ये ते शेवटपर्यंत वाजले. गिटारवाल्याला ते आजही पळाल्यासारखे वाटते, आणि तो तसे दर बैठकीत सांगतो.