भूल दिलेल्या माणसाची संमती

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'वैद्यकीय उपचार आणि रुग्णाची संमती' असा छापलाय. विषय मोठा आहे, एका तासात मावणारा नाही. म्हणून आपण त्यातला एकच प्रश्न घेऊ. रुग्ण टेबलावर भुलेखाली आहे, त्याला विचारता येत नाही, आणि आत काहीतरी वेगळंच सापडलं. अशा वेळी बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकाची सही चालते का? आपल्यापैकी बऱ्याच जणांनी अशी सही कधी ना कधी केलेली असणार. ती करताना आपल्याला तो हक्क कोणी दिला, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

भूल देण्याचं शास्त्र तसं अलीकडचं. १६ ऑक्टोबर १८४६ ला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॉर्टननं ईथर दिलं आणि मानेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया जाहीरपणे झाली. पुढच्याच वर्षी एडिंबरात सिम्पसननं क्लोरोफॉर्म वापरलं. त्याच्या आधी शस्त्रक्रिया म्हणजे चारपाच दणकट माणसांनी रुग्णाला धरून ठेवायचं आणि सर्जननं मिनिटांत काम उरकायचं. त्या काळात रुग्णाला कोणी फॉर्म देत नव्हतं हे खरं, पण रुग्ण जागा होता. तो ओरडायचा, 'नको' म्हणायचा, हात झटकायचा.

लंडनमधला १७६७ चा एक खटला आहे, स्लेटर विरुद्ध बेकर आणि स्टेपलटन. स्लेटरचा पाय मोडला होता आणि तो बऱ्यापैकी जुळून आला होता. पट्टी सोडायला म्हणून बेकर नावाचे मोठे सर्जन आणि त्यांच्याबरोबर स्टेपलटन हे औषधविक्रेते आले. त्यांनी जुळलेलं हाड पुन्हा मोडलं आणि दात असलेलं एक पोलादी यंत्र पायाला लावलं. स्लेटर नको नको म्हणत होता. ज्युरीनं त्याला ५०० पौंड भरपाई दिली. आपल्याला त्या निकालातलं कारण फार बोलकं वाटतं. काय करणार आहोत हे रुग्णाला आधी सांगावं अशी सर्जन लोकांची रीतच आहे, असं न्यायालय म्हणालं, आणि ती रीत का, तर रुग्णाला धीर गोळा करता यावा म्हणून. हक्क, स्वायत्तता वगैरे शब्द तिथं नाहीत. दुखणार आहे, तर माणसाला मन घट्ट करायला वेळ द्या, एवढंच.

ईथर आलं आणि हे कारणच गेलं. दुखणारच नसेल तर धीर कशाला गोळा करायचा? वेदना गेली ही माणसाच्या इतिहासातली केवढी मोठी गोष्ट, तिला कमी लेखायचं काही कारण नाही. पण रुग्णाचं मध्येच 'थांबा' म्हणणंही तिच्याबरोबर गेलं. आता सर्जनला घाई नव्हती, निवांत पोट उघडून पाहता येत होतं, आणि पाहिलं की काहीतरी सापडायचंच.

इथं आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना जॉन लॉक आठवल्याशिवाय राहत नाही. जागा सॉक्रेटिस आणि झोपलेला सॉक्रेटिस यांची जाणीव एक नसेल तर तो एकच माणूस कसा, असं लॉकनं विचारलं होतं. वर्गात हा प्रश्न घातला की मुलं हसायची. ऑपरेशन थिएटरमध्ये मात्र तो हसण्यावारी नेता येत नाही. सकाळी जागेपणी दिलेला होकार दुपारी भुलेखालच्या माणसाला लागू आहे का? आहे, असंच आपण धरतो, नाहीतर एकही शस्त्रक्रिया होणार नाही. मग सकाळी जे विचारलंच नव्हतं, त्याचं काय?

आता आपल्याकडे या. बेशुद्ध माणसाचा विचार भारतीय कायद्यात फार लवकर झालाय. १८६० ची भारतीय दंड संहिता, कलम ९२. त्याच्याखाली एक उदाहरण दिलंय. एक माणूस घोड्यावरून पडून बेशुद्ध झालाय. सर्जनला दिसतं की कवटीला भोक पाडावं लागणार. रुग्णाला विचारता येत नाही. सर्जन सद्‌हेतूनं, त्याच्या भल्यासाठी, तो शुद्धीवर येण्याआधी शस्त्रक्रिया करतो. हा गुन्हा नाही. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये हीच तरतूद आहे. पण कलम नीट वाचायला हवं. ही सूट सरसकट नाही. संमती मिळवणं अशक्य असेल, किंवा माणूस संमती द्यायला असमर्थ असेल आणि ज्याच्याकडून वेळेत संमती घेता येईल असा कायदेशीर पालक जवळ नसेल, तर ही सूट. 'वेळेत' हा शब्द महत्त्वाचा. सगळी मदार घड्याळावर आहे. थांबलो तर माणूस जाईल, अशी स्थिती असेल तर थांबू नका. थांबता येत असेल तर? त्यावर हे उदाहरण बोलत नाही. तो प्रश्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत धसाला लागला.

तिथले तीन खटले पाहू. तिन्हींत रुग्ण बाई आहे, आणि हा निव्वळ योगायोग नसावा.

मिनेसोटात १९०५ ला मोहर विरुद्ध विल्यम्स. बाईंनी उजव्या कानाच्या शस्त्रक्रियेला होकार दिला होता. भूल दिल्यावर डॉक्टरांना डावा कान जास्त बिघडलेला दिसला. बाईंचे घरचे डॉक्टर तिथंच उभे होते, त्यांनीही मान डोलावली. डावा कान केला, आणि कसबानं केला. तरी न्यायालय म्हणालं, ही विनासंमती शरीराला हात लावण्याची कृती आहे. दुसरा खटला शिकागोचा, प्रॅट विरुद्ध डेव्हिस, निकाल १९०६ चा. अपस्माराच्या रुग्ण असलेल्या एका विवाहित बाईंचं गर्भाशय डॉक्टरांनी काढलं. आपण त्यांना मुद्दाम खरं सांगितलं नाही, हे डॉक्टरांनी स्वतःच कबूल केलं. बचाव काय, तर नवऱ्यानं बायकोला आमच्या स्वाधीन केलं होतं. न्यायालयानं तो मानला नाही. बाईचं डोकं ठिकाणावर आहे, तातडीचा प्रसंग नाही, मग तिलाच विचारायला हवं होतं.

तिसरा खटला सगळ्यात प्रसिद्ध, न्यूयॉर्कचा श्लोएनडॉर्फ, १९१४. बाई पोटाच्या तक्रारीसाठी रुग्णालयात आल्या. ईथर देऊन फक्त तपासणी करा, शस्त्रक्रिया नको, असं आपण बजावल्याचं त्यांनी सांगितलं. तपासताना गाठ दिसली आणि ती काढली गेली. नंतर हाताला गँगरीन झालं, बोटं गेली. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी त्या निकालात लिहिलं की शहाण्यासवरत्या प्रौढ माणसाच्या शरीराचं काय करायचं हे तोच ठरवणार. संमतीवरच्या बहुतेक पुस्तकांत हे वाक्य आहे. बाई मात्र खटला हरल्या. रुग्णालय धर्मादाय होतं, त्यामुळे डॉक्टरांच्या कृतीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असा निकाल लागला.

आता एक पुण्याचा खटला, जोशी विरुद्ध गोडबोले. मे १९५३. कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं, त्याला गाडीनं पुण्याला आणलं. हाड बसवलं ते मॉर्फियाच्या एका इंजेक्शनवर, पुरेशी भूल न देता आणि जास्त जोर लावून, असं न्यायालयांनी मानलं. मुलगा त्याच दिवशी गेला. ३००० रुपये भरपाई ठरली, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. डॉक्टरच्या कर्तव्यांवर हा निकाल अजून उद्धृत होतो. डॉक्टरला उपचार निवडायची मोकळीक असते आणि तातडीच्या वेळी ती जास्त असते, असंही त्यात म्हटलंय. पण त्या मुलाला काही विचारलं होतं का, सांगितलं होतं का, यावर खटला उभाच राहिला नाही. लढाई निष्काळजीपणावर होती. संमती हा स्वतंत्र मुद्दा म्हणून सर्वोच्च न्यायालयापुढे पूर्ण ताकदीनं यायला आणखी चाळीस वर्षं जायची होती.

तो निकाल म्हणजे समीरा कोहली खटला, १६ जानेवारी २००८. हकिगत मे १९९५ ची, दिल्लीतली. चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित बाई, पाळीचा रक्तस्राव लांबलेला. दुर्बिणीतून तपासणी करायचं ठरलं. फॉर्मवर लिहिलं होतं की तपासणी आणि दुर्बिणीतून करायची शस्त्रक्रिया, पोट उघडावं लागण्याची शक्यता. सही बाईंची. भूल दिली, आत पाहिलं, आणि डॉक्टरांचं मत झालं की सगळं काढावं. साहाय्यक डॉक्टर बाहेर आल्या. बाहेर बाईंची वृद्ध आई बसली होती. तिची सही घेतली. गर्भाशय काढलं, दोन्ही अंडाशयंही काढली. आपल्याकडे बायका सरळ 'पिशवी काढली' म्हणतात. या बाई जाग्या झाल्या तेव्हा पिशवी गेलेली होती, आणि आपल्याला हे कोणी विचारलंच नाही असं त्यांचं म्हणणं होतं.

राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००३ मध्ये तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानं निकाल फिरवला. न्यायालयाचा तर्क सोपा आहे आणि आम्हाला तो पूर्ण पटतो. बाई प्रौढ होत्या, समर्थ होत्या. त्यांचं बेशुद्ध असणं काही तासांचं होतं, आणि ते डॉक्टरांनीच आणलेलं होतं. जिवाला धोका नव्हता. मग त्या शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं. आईची सही? समर्थ प्रौढ मुलीच्या वतीनं संमती द्यायचा अधिकार आईला नाही. पुन्हा भूल द्यावी लागेल, पुन्हा खर्च होईल, हे मुद्दे खरे आहेत. पण तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही. अपवाद एकच, जीव वाचवण्याचा किंवा गंभीर हानी टाळण्याचा. म्हणजे तोच घोड्यावरून पडलेला माणूस. मागणी २५ लाखांची होती. मिळाले २५ हजार, आणि डॉक्टरांना त्यांची फी सोडावी लागली.

याच निकालाचा दुसरा भाग मात्र आम्हाला खटकतो. रुग्णाला किती सांगायचं? अमेरिकेत तोपर्यंत मोजपट्टी रुग्णाकडे सरकली होती, सामान्य रुग्णाला निर्णयासाठी जे कळायला हवं ते सांगा. आपल्या न्यायालयानं ती मोजपट्टी नाकारली आणि जुना इंग्लिश माप घेतला. वैद्यकीय व्यवसायात जेवढं सांगणं योग्य समजलं जातं, तेवढं पुरे. कारणं भारतीय परिस्थितीची दिली, म्हणजे गरिबी, उपचारांचा खर्च, डॉक्टरांवर विश्वास टाकण्याची सवय. पण गरीब, कमी शिकलेल्या माणसाला जास्त नीट समजावून सांगावं लागतं, कमी नाही. आणि ज्या इंग्लंडकडून हा माप घेतला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात टाकून दिला. स्कॉटलंडच्या मधुमेही गर्भवतीला प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा नऊ-दहा टक्के धोका होता. डॉक्टरांनी तो सांगितला नव्हता, कारण सांगितला तर बायका सिझेरियन मागतील. मागू द्या की!

बाकावरचा माणूस आपल्याकडे काही नुसता उभा केलेला नाही, तो नियमात लिहिलेला आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत कलम ७.१६ पाहा. शस्त्रक्रियेआधी लेखी संमती घ्या, कोणाची, तर नवऱ्याची किंवा बायकोची, अल्पवयीन असेल तर पालकांची, किंवा स्वतः रुग्णाची. रुग्ण या यादीत शेवटी आहे. ज्या शस्त्रक्रियेनं मूल होण्याची क्षमता जाईल, तिला नवरा-बायको दोघांची संमती हवी, असंही तिथं आहे. शिकागोच्या न्यायालयानं १९०६ मध्ये ज्याला दारातून परत पाठवलं तो नवरा इथं खुर्चीवर बसलाय. याउलट १९७१ चा गर्भपाताचा कायदा अगदी स्वच्छ आहे. प्रौढ, समर्थ बाईची स्वतःची संमती, बस्स. नवऱ्याचा उल्लेख नाही. तरी कितीतरी दवाखान्यांत आधी विचारतात, "मिस्टर आलेत का?"

डॉक्टरांची बाजूही समजून घ्यायला हवी. बिल बाकावरचा माणूस भरतो. काही बरंवाईट झालं तर जाब तोच विचारतो, कधी काचाही फोडतो. त्याची सही असली की डॉक्टरला आधार वाटतो. शिवाय घरात निर्णय चारजणांनी मिळून घ्यायची आपली रीत आहे, ती काही वाईट नाही. आईनं मुलाला विचारावं, नवऱ्यानं बायकोशी बोलावं. रुग्णाला वगळून बोलणं सुरू होतं तिथं ती रीत बिघडते. कॅन्सरचं निदान मुलाला दारामागे सांगितलं जातं आणि आईला 'गाठ होती, काढली' एवढंच, हे आपल्या घरांत इतकं सर्रास चालतं की त्यात काही खटकतही नाही.

राहिला तो रुग्ण, जो पुन्हा जागा होणारच नाही. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला, मेंदूला इजा झाली आणि पुढची ४२ वर्षं त्या त्याच रुग्णालयात होत्या. त्यांचे उपचार थांबवावेत अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा आधी ठरवायचं होतं की त्यांच्या वतीनं बोलायचं कोणी. याचिका करणाऱ्या लेखिका की सेवा करणारा रुग्णालयातला कर्मचारीवर्ग? ७ मार्च २०११ च्या निकालात तो मान रुग्णालयाच्या लोकांना मिळाला. त्यांना अरुणाबाई जगायला हव्या होत्या, आणि त्या १८ मे २०१५ पर्यंत जगल्या. अरुणाबाईंना स्वतःला काय हवं होतं, हे कळायला कोणाकडेच मार्ग नव्हता.

९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं तो मार्ग दिला. शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं की अशी वेळ आली तर काय करावं, काय करू नये. याला आपण 'लिव्हिंग विल' म्हणतो. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे ते कागदावरच राहिलं. जानेवारी २०२३ मध्ये अट सैल झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. त्यात एक रकाना असतो, आपल्याला बोलता आलं नाही तर डॉक्टरांनी कोणाशी बोलायचं, त्याचं नाव. एकापेक्षा जास्त नावंही चालतात. बाकावर कोणी बसायचं हे इथं रुग्ण स्वतः लिहितो. एक प्रत त्या माणसांना द्यायची, एक घरच्या डॉक्टरांना, आणि एक महापालिकेनं किंवा स्थानिक संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. नमुना मराठीत करून घेता येतो, वकील लागत नाही. प्रश्न असतील तर आता घेऊ.