भटकी तंत्रिका

पॅरिसच्या ‘कॉलेज द फ्रान्स’मधील दमट तळघरात क्लोद बेर्नार याने १८४९ साली एका सशाच्या मेंदूतील चौथ्या विवराचा तळ, जेथून ‘भटकी’ अशा अर्थाचे लॅटिन नाव मिळालेली व्हेगस तंत्रिका उगम पावते, बारीक सुईने टोचला, तेव्हा थोड्याच अवधीत त्या प्राण्याच्या मूत्रात साखर उतरली. यकृताला साखर सोडण्याचा हुकूम व्हेगसमार्गे जात असावा, हा त्याचा तर्क होता. परंतु दोन्ही बाजूंच्या व्हेगस छेदल्यावरही टोचणीसरशी साखर येतच राहिली, म्हणजे हुकुमाची वाट निराळी होती. हे त्याने जसेच्या तसे नमूद केले, याबद्दल मला त्याच्याविषयी अपार आदर वाटतो.

बहात्तर वर्षांनी, टोरांटोत बँटिंग व बेस्ट इन्सुलिनच्या शोधात गढले होते त्याच १९२१ साली, ऑस्ट्रियातील ग्राझच्या ओट्टो लोवीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मध्यरात्री सुचलेली कल्पना त्याने कागदाच्या चिठोऱ्यावर खरडली, सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तीच कल्पना पुन्हा स्फुरताच तो तडक प्रयोगशाळेत गेला, बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस उत्तेजित केली आणि त्यातील द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. त्या द्रवातील हृदय मंदावणारे द्रव्य, म्हणजे ॲसिटिलकोलीन, शरीरातील एका विकराकडून नष्ट होते आणि एसेरीन त्या विकराला आवरते, हे १९२६ पर्यंत त्याच्या हाती आले. स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल आज याच रीतीने काम करते. पुढे नाझींनी लोवीला कैदेत टाकले आणि त्याला मिळालेल्या नोबेल पारितोषिकाची रक्कम हिरावून घेऊन मगच देशाबाहेर जाऊ दिले.

१९८८ मध्ये अपस्मारासाठी व्हेगस-उत्तेजक यंत्र प्रथम मानवी देहात बसविण्यात आले. १९९९ मध्ये अशाच रुग्णांना वाचनानंतर बेताचे उत्तेजन दिले असता वाचलेले शब्द अधिक ओळखता आले. दीर्घ मधुमेहात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, म्हणून आता कानाच्या छिद्रापुढील कूर्चेला, जिथे व्हेगसची एक शाखा त्वचेपर्यंत येते, लहानसा चिमटा लावून सौम्य विद्युत्प्रवाह देण्याचे प्रयोग चालू आहेत. अडचण अशी, की जिच्याकडे साहाय्य मागायचे ती लांबलचक तंत्रिकाच मधुमेहात लवकर झिजते, आणि अशा रोग्याची नाडी निवांत बसल्या जागीही जलद चालते.